वादळानंतरची वाडी : एका निर्णयाचा अभ्यास

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधूनच १२० चे झोत. संध्याकाळपर्यंत श्रीवर्धन, म्हसळा आणि बाणकोट खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीपर्यंतच्या वाड्यांमधल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आडव्या झाल्या होत्या. टाळेबंदीमुळे माणसं आधीच घरात अडकलेली. त्यात कौलं उडाली, विजेचे खांब पडले, कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली.

हे प्रकरण त्याच पट्ट्यातल्या एका घराचं आहे. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. निर्णय घेणारी व्यक्ती म्हणजे त्या घरातली थोरली सून. तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर, शिक्षण बारावी, बोलणं हळू आणि मोजकं. नवरा मुंबईत नोकरीला, टाळेबंदीत पगार कापलेला. सासरे ऐंशीच्या घरातले, सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. एक दीर डोंबिवलीला, धाकटे पुण्याला. वाडी पाव हेक्टरच्या आतबाहेर. सातबारा सामाईक, त्यावर अण्णा आणि त्यांच्या चुलत घराण्यातले वारस. जी बाई रोज पाट फिरवून शिंपणं करत होती, तिचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं.

‘स्वतःवर विश्वास ठेव’ हे वाक्य आपण मुलांना सहज सांगतो. तो विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हे क्वचितच सांगतो. या प्रकरणात ते बळ कुठून आलं हे स्पष्ट दिसतं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

पडलेल्या झाडांची मोजदाद

वादळानंतर गावात एकच घाई होती, पडलेलं उचला आणि वाट मोकळी करा. हिने आधी वही काढली. पंचनाम्याला माणसं यायला वेळ होता, तेवढ्यात ती ओळीने वाडी फिरली. प्रत्येक पोफळीसमोर तीन गोष्टी लिहिल्या: झाड उभं आहे, मधून मोडलं आहे की मुळासकट उपटलं आहे, साधारण वय किती, आणि जवळ काय आहे, म्हणजे गडगा (दगडी कुंपण), विहीर, माड की मोकळी जागा. वयासाठी अण्णांना विचारावं लागे. ते वैतागले. “मढ्यांची कसली मोजदाद करतेस?” म्हणाले. पण सांगत गेले, कारण कुठली पोफळ कुणी कुठल्या साली लावली हे त्यांना तोंडपाठ होतं.

तीनशेच्या घरातल्या पोफळींपैकी साठेक उभ्या होत्या. नुसता आकडा पाहिला तर धीर सुटावा असाच. पण वहीतल्या रकान्यांनी आणखी काही दाखवलं. मोडलेल्यांत बहुतेक झाडं अण्णांच्या वडिलांच्या हातची, शेंडा आभाळाला लागलेली, म्हातारी होती. मधल्या वयाची झाडं वाकली, पण तगली. पश्चिमेला जिथे जुन्या उंडीच्या झाडांची रांग आणि बांबूचं बेट होतं, त्याच्या आडोशाची ओळ जवळजवळ शाबूत होती. माडांच्या झावळ्या फाटल्या होत्या, पण खोडं बहुतेक ठिकाणी जागेवर होती.

याहून महत्त्वाची गोष्ट जुन्या वहीत निघाली. लग्न होऊन आल्यापासून ती सुपारीच्या विक्रीचा हिशोब ठेवत होती. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, माहेरी दुकान होतं, हाताला सवय होती. ती पानं मागे उलटत गेल्यावर दिसलं की सुपारीचं उत्पन्न वादळाच्या कितीतरी आधीपासून घसरत होतं. घर चालत होतं ते मुंबईहून येणाऱ्या पैशावर. ‘आमची सोन्यासारखी वाडी’ हे शब्द घरात रोज उच्चारले जात, आणि वाडी मात्र अनेक वर्षं जेमतेम आपलाच खर्च भागवत होती.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात कठीण क्षण हाच आहे. लोकांपेक्षा वेगळं बोलायला धाडस लागतं हे खरं, पण ज्या गोष्टीवर आपलं प्रेम आहे तिच्याकडे कोरड्या नजरेने पाहायला त्याहून जास्त लागतं. तिने ते पाहिलं आणि कुणापाशी बोलली नाही. नवऱ्यालाही फोनवर एवढंच म्हणाली, “तुम्ही गणपतीला याल तेव्हा दाखवते.”

ओटीवरची बैठक

त्या वर्षी गणपतीला कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांना आधी दहा दिवस विलगीकरणात राहावं लागलं. तरीही दोन्ही दीर आपापल्या कुटुंबासह आले. गौरी-विसर्जनानंतर ओटीवर विषय निघाला.

धाकट्या दिरांनी मुद्दा स्वच्छ मांडला. अण्णांचं वय झालं, मुलं परत येणार नाहीत, पुण्याची एक पार्टी रिसॉर्टसाठी किनाऱ्याजवळ जागा शोधते आहे, चुलत हिस्सेदारही विकायला तयार आहेत. सरकारी मदत किती तर हेक्टरी ५० हजार, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. (झाडागणिक मदतीचा निर्णय पुढे झाला, पोफळीला ५० आणि माडाला २५० रुपये.) त्यात पडलेलं झाड उचलायची मजुरीसुद्धा निघत नाही. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. शेजारच्या एका वाडीवाल्यांनी पुढे तसंच केलं आणि ते आज समाधानात आहेत. डोक्यावर कर्ज, मुलं कायमची बाहेर, स्वतःची तब्येत ढासळलेली, अशा स्थितीत त्यांनी विचार करून घेतलेला तो निर्णय होता.

अण्णांचं म्हणणं एका ओळीचं: पोफळी होत्या तिथे पोफळीच लागतील. त्यांच्या वडिलांनी लावल्या, आता ते लावतील. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं लागतात, याचा उल्लेख त्यांच्यासमोर कुणी केला नाही.

मग दोन्ही बाजूंनी हिच्याकडे पाहिलं. कारण विकायची तर सही तिची नव्हती, लावायची तर हात तिचे होते.

तिने वही पुढे केली. म्हणाली, “भाऊजी, विकायचं की नाही ते तुम्ही सगळे ठरवा. पण दोन वर्षं थांबा. आणि अण्णा, पोफळी लावूच, पण सगळ्या एकदम नको.” मग तिने तिसरी गोष्ट सांगितली, जी तोवर कुणाच्याच बोलण्यात आली नव्हती. या पट्ट्यातल्या प्रत्येक वाडीला आता रोपं लागणार आहेत. आपल्याकडे मधल्या वयाच्या, चांगल्या धरणाऱ्या, रोठा जातीच्या सुपारीच्या पोफळी उभ्या आहेत. तेव्हा पहिलं पीक सुपारीचं नको, रोपांचं घेऊ.

ओटीवर शांतता झाली. पुण्याचे दीर म्हणाले, “वहिनी, रोपवाटिका चालवणं म्हणजे घरातलं काम नाही.” नवरा काही बोलला नाही. तेवढ्यात डोंबिवलीच्या जाऊबाई, ज्या त्या घरात फारशा बोलत नसत, वही हातात घेऊन म्हणाल्या, “वहिनींचा हिशोब बरोबर आहे. मी बँकेत रोज असलेच कागद बघते.”

हे एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक प्रसिद्ध प्रयोग केला. समोर रेषा काढलेल्या, त्यातली कोणती दिलेल्या रेषेएवढी लांब आहे ते सांगायचं, उत्तर डोळ्यांना सरळ दिसणारं. पण खोलीतली बाकीची माणसं प्रयोगकर्त्यानेच बसवलेली, ती एकमुखाने चुकीचं उत्तर देत. चारातल्या तीन जणांनी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून गटाची री ओढली. मात्र गटातल्या एकाच माणसाने बरोबर उत्तर दिलं, तर चुकीच्या उत्तरांचं प्रमाण पाव हिश्शापर्यंत खाली आलं. एका माणसाने! आपण स्वतंत्र विचार हा एकट्याने करायचा पराक्रम मानतो. प्रत्यक्षात आपलं म्हणणं लोकांसमोर टिकवून धरायला एक साक्षीदार पुरतो, आणि तो मिळण्यासाठी आपलं म्हणणं तपासता येईल अशा रूपात समोर ठेवावं लागतं. तिने ‘मला वाटतं’ असं म्हटलं असतं तर जाऊबाईंना तिची बाजू घ्यायला काहीच हाताशी नसतं.

दोन वर्षं मिळाली.

देठ वर करून

रोपासाठीची सुपारी कशीही चालत नाही. नियमित आणि भरपूर धरणारी मातृवृक्ष पोफळ निवडायची, मधल्या बहराचं पूर्ण पिकलेलं वजनदार फळ घ्यायचं, वाळूच्या वाफ्यात देठाकडची बाजू वर ठेवून उभं लावायचं, ओल टिकवायची. कोंब आला की पिशवीत. लागवडीजोगं रोप व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. हे तंत्र तिने कृषी विद्यापीठाच्या केंद्रात फोन करून आणि नंतर प्रत्यक्ष जाऊन विचारून घेतलं. पण उभ्या असलेल्या साठांतल्या कोणत्या पोफळी खऱ्या चांगल्या, हे कुठल्याही केंद्राला ठाऊक नव्हतं. ते अण्णांना ठाऊक होतं. विहिरीजवळची दरवर्षी धरते, गडग्याकडची एक वर्षाआड, त्या कोपऱ्यातलीची सुपारी दिसते मोठी पण आतून हलकी. तिने त्यांच्या सांगण्यावरून झाडांना चुन्याने खुणा केल्या आणि त्या हिवाळ्यात तेवढ्याच झाडांची फळं वेगळी ठेवली.

‘मढ्यांची मोजदाद’ म्हणणारे अण्णा तेव्हापासून रोज सकाळी वाफ्यापाशी खुर्ची टाकून बसू लागले.

अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः काही तडीस नेल्याच्या अनुभवातून, आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहून, दुसऱ्याच्या प्रोत्साहनातून, आणि त्या वेळच्या शरीर-मनाच्या अवस्थेतून. यातली पहिली वाट सगळ्यात भक्कम. व्याख्यानं आणि प्रेरक संदेश तिसऱ्या वाटेवरचे, म्हणून त्यांचा अंमल लवकर उतरतो. या बाईकडे जून २०२० मध्ये आत्मविश्वास होता असं मी म्हणणार नाही. तेव्हा तिच्याकडे होती ती फक्त स्वतः तपासलेली माहिती. वाफ्यात कोंब दिसले, २०२२ च्या पावसाळ्याआधी गावोगावची माणसं रोपं विचारत आली, तेव्हा तो विश्वास तयार झाला. क्रम हा आहे, आणि आपण तो नेहमी उलटा शिकवतो.

आवाज चढवणं म्हणजे आत्मविश्वास, हाही असाच एक समज. याच किनाऱ्यावर, खाडीपलीकडच्या दापोलीजवळच्या मुरूडमध्ये वाढलेले धोंडो केशव कर्वे अत्यंत लाजाळू होते. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला आणि गावाने बहिष्कार घातला. ते गावाशी भांडत बसले नाहीत. १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, असं एकेक काम उभं करत गेले. कोकणातल्या हळू बोलणाऱ्या माणसांना कुणी बुजरं म्हटलं की मला कर्वे आठवतात.

टेम्पोवाला आणि पश्चिमेच्या दोन ओळी

वादळानंतर शासन आणि विद्यापीठ दोघांकडूनही सल्ला होता की नुसत्या सुपारीवर राहू नका, माडा-पोफळीत मसाल्याची पिकं घ्या. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ ही कल्पना कोकणात बऱ्याच जणांना माहीत आहे: माडांमध्ये जायफळ, दालचिनी, खोडांवर मिरीचे वेल, मोकळ्या जागेत केळी आणि अननस. या सल्ल्याचा वास लागताच रोपं विकणारे टेम्पो गावात फिरू लागले. एकाने जायफळाची स्वस्त रोपं आणली आणि ठासून सांगितलं, “सगळी मादीच आहेत.”

जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून केलेलं रोप नर निघणार की मादी, हे फुलावर आल्याशिवाय कळत नाही आणि त्याला पाच-सहा वर्षं सहज लागतात. तिने टेम्पोवाल्याला विचारलं, “फूल आलेलं नाही, मग तुम्ही कशावरून ओळखता?” उत्तर आलं नाही. आजूबाजूच्या बऱ्याच घरांनी तरीही घेतली, कारण शेजाऱ्याने घेतली होती. तिने त्यांच्या निम्म्याहून कमी संख्येने, पण मादी झाडांची कलमं लावली. त्यासाठी तिला कुठलंही विशेष ज्ञान लागलं नाही. एक प्रश्न लागला, आणि उत्तर येईपर्यंत थांबण्याची तयारी लागली.

पण याच बाईने पुढे अण्णांचं ऐकायला हवं होतं तिथे ऐकलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय प्रकरण पूर्ण होत नाही. पोफळीच्या लहान रोपाला पश्चिमेचं ऊन सोसत नाही, खोड भाजतं. म्हणून आधी केळी लावून सावली करायची आणि मग पोफळ, ही जुनी रीत. तिने केळी लावलीही होती, पण मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा पश्चिमेकडच्या केळी झोपल्या आणि पुन्हा लावायच्या राहिल्या. २०२२ च्या पावसात तिने तिथेच पोफळीची रोपं लावली. अण्णा म्हणाले, “एक वर्ष थांब, केळ उभी राहू दे.” तिला वाटलं, पिशवीतली रोपं वाढून जातील, वर्ष फुकट जाईल. आधीची दोन वर्षं तिचंच म्हणणं खरं ठरत आलेलं होतं, त्याचाही भाग असावा. पुढच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या दोन ओळी भाजून गेल्या.

अण्णा काही बोलले नाहीत. तिने वहीत एक नवा रकाना आखला: ‘अण्णा काय म्हणाले’. त्यापुढे पिकाबद्दलचा प्रत्येक निर्णय लिहिताना तो रकाना आधी भरायचा असा तिने स्वतःला नियम घालून घेतला. मी ती पानं पाहिली आहेत. कुठे तिने त्यांचं ऐकलं आहे, कुठे नाही, पण रकाना कोरा नाही. स्वतंत्र विचार करणारा माणूस इतरांचं कमी ऐकतो असं समजणाऱ्यांनी हा रकाना लक्षात घ्यावा. ती आता पूर्वीपेक्षा जास्त ऐकते. फरक इतकाच की ऐकलेलं तपासून घेते, आणि कोणाचं कोणत्या बाबतीत खरं ठरतं याची तिच्याकडे नोंद आहे. पाणी, ऊन आणि वाऱ्याच्या बाबतीत अण्णा क्वचितच चुकलेले दिसतात. बाजाराच्या बाबतीत ते बरेचदा चुकले आहेत.

मिरीचे वेल तिने आधी उभ्या साठ पोफळींपैकी मोजक्यांवरच चढवले. सखल बाजूचे काही वेल पहिल्याच पावसाळ्यात मूळकुजीने गेले, तेव्हा तिथे मातीचे उंचवटे केले आणि पाण्याला वाट काढून दिली. २०२४ मध्ये बरी म्हणावी अशी मिरी हाती आली. घडातला एखाद-दुसरा दाणा लाल झाला की घड काढायचा, दाणे सुटे करायचे, फडक्यात बांधून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवायचे आणि खळ्यात पसरायचे. असं केलं की तीन-चार उन्हांत एकसारखा काळा रंग येतो. गावातल्या बायका आधी तशीच वाळवत, रंग डागाळलेला येई. आता तिच्याकडे येऊन बघून जातात. बांदुराची दुसरी वाट म्हणतात ती हीच.

यश किती आणि कुणाच्या मापाने

आकडे तिच्या सांगण्यावरून देत नाही, पण स्वरूप सांगता येईल. रोपवाटिकेचं उत्पन्न दोन हंगाम जोरात होतं, मग मागणी ओसरली, जशी ती ओसरणार हे तिने आधीच धरलं होतं. आता मिरीची मुळ्या फुटलेली कटिंग्ज आणि थोडी दालचिनी यांच्यावर ती चालते. नव्या पोफळींचं पहिलं धड पीक अजून यायचं आहे. जागा विकून जे पैसे आले असते त्यांच्या जवळपासही ही कमाई जात नाही, हे ती स्वतःच पहिल्यांदा सांगते. तिचं माप दुसरं होतं: वाडीचा खर्च वाडीने काढावा, मुलीच्या शिक्षणासाठी नवऱ्याच्या पगाराकडे बघावं लागू नये, आणि रोपवाटिकेचं बँक खातं तिच्या नावाचं असावं. ही तिन्ही झाली. माप आधी ठरवलं होतं म्हणून झाली की नाही हे सांगता येतं. शेजाऱ्याच्या मापाने मोजायला बसली असती तर आजही ती स्वतःला हरलेलीच समजली असती.

नवऱ्याबद्दल फार लिहिलेलं नाही, कारण त्यांनी फार काही केलं नाही आणि अडवलंही नाही. कोकणातल्या कितीतरी बायकांना एवढीसुद्धा मोकळीक मिळत नाही, म्हणून तिची नोंद करायला हवी. आणि सातबाऱ्याचा प्रश्न कुठल्याही आत्मविश्वासाने सुटत नाही. मदतीच्या वेळी सहहिस्सेदारांची संमतीपत्रं गोळा करताना तिला वर्षानुवर्षं राबलेल्या जमिनीबद्दल परक्यासारखं बोलावं लागलं. जिद्दीच्या गोष्टी सांगताना हे गाळलं तर ती गोष्ट खोटी होते.

गेल्या वर्षी अण्णांनी स्वतःहून तहसील कार्यालयात महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करायला लावला. चुलत हिस्सेदार राजी आहेत. पुण्याचे दीरही राजी आहेत, पण त्यांना रस्त्याकडची बाजू हवी आहे, आणि तीच पश्चिमेची बाजू आहे, उंडींची रांग असलेली. तिने होकार दिलेला नाही, नकारही नाही. उंडी तोडणार नाही आणि त्यांच्यालगत सुरूच्या झाडांची आणखी एक रांग लावू देईन, असं भाऊजींनी लिहून द्यावं, एवढं तिने मागितलं आहे. मसुदा जाऊबाईंनी करून दिला आहे.